शेजारणीची गोळी

साडीचा रंग खुशाल शेजारणीला विचारून ठरवावा. संततिनियमनाचे साधन मात्र तसे ठरवू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा हा शब्द उच्चारणेही अवघड होते. आज साधने पुष्कळ आहेत; पण एकीला मानवले ते दुसरीच्या जिवावर बेतू शकते.

रक्तदाब वाढलेला असेल, शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे लखलखत्या रेघा येत असतील, तर नेहमीची संयुक्त गोळी घेऊ नये. तिच्यातील इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाळंतपणानंतर सहा महिने ती टाळावी. अशांना तांबी बहुधा चालते. मात्र पाळीत फार रक्त जात असेल, तर तांबीने ते आणखी वाढू शकते. क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल, तर गोळीचा भरवसाच उरत नाही.

तेव्हा भगिनींनो, डॉक्टरांना आपली दुखणी आणि चालू औषधे मोकळेपणी सांगा. रक्तदाब मोजून घ्या. आणि पतिराजांनाही बरोबर न्या. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते, हे त्यांच्याही कानी पडू द्या!