प्रतिदिनीची निष्ठा : ब्रह्मदेशातील जडसन यांची ३७ वर्षे

दूरदेशी सेवा केलेल्या मिशनऱ्यांची चरित्रे आपल्या मंडळ्यांत सांगितली जातात, तेव्हा श्रोत्यांच्या मनावर तुरुंगवास, सागरप्रवास, रोगराई व मृत्यू हेच प्रसंग बहुधा ठसतात. हे प्रसंग खरे असले तरी त्यांमुळे एक गैरसमज उत्पन्न होतो. चिकाटी हे काही थोड्यांनाच लाभलेले असामान्य धैर्य आहे, असे आपण मानू लागतो. आणि लहानशा गावी, थोड्या कुटुंबांत, वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या उपदेशकाला त्या चरित्रांचा आपल्या जीवनाशी काही संबंध आहे असे वाटत नाही. म्हणून ॲडोनिराम जडसन यांच्या सेवेचा विचार येथे त्यांच्या रोजच्या कामाच्या अंगाने करावयाचा आहे.

अमेरिकेतील सेलम येथे ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना परदेशी सेवेकरिता दीक्षा देण्यात आली. जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व लुथर राइस हे ते पाच जण होत. कलकत्त्यास पोहोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित आहेच. जडसन यांनी कलकत्त्यास असताना बाप्टिस्ट मत स्वीकारले, आणि पुढे पत्नी ॲन यांच्यासह ते १३ जुलै १८१३ रोजी ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, रंगून बंदरात उतरले.

तेथील पहिले काम भाषेचे होते. शिक्षकाला इंग्रजी येत नव्हते आणि विद्यार्थ्याला ब्रह्मी येत नव्हती. वस्तूकडे बोट दाखवावे, शिक्षकाने नाव उच्चारावे, मग ते पुन्हा पुन्हा म्हणावे, अशी सुरुवात झाली. ताडपत्रावरील लेखनात शब्दांमध्ये अंतर सोडलेले नसे, म्हणून एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हेही प्रथम शिकावे लागले. जडसन दिवसाचा बहुतेक वेळ शिक्षकाजवळ बसून अभ्यास करीत. घरकाम व बाजारहाट ॲन यांच्याकडे असल्यामुळे बोलीभाषा त्यांना पतीपेक्षा लवकर अवगत झाली. १८१६ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा रॉजर वारला. त्याच वर्षी जडसन यांनी राइस यांना पत्र लिहिले. तेथे यशाची आशा किती, असे कोणी विचारल्यास, विश्वासू व सर्वसमर्थ देव आपली वचने पूर्ण करील इतकी आशा आहे असे सांगावे. आणि २० ते ३० वर्षे आम्हांस प्रयत्न करू द्यावा, असा त्या पत्राचा आशय होता. तोवर एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

ब्रह्मदेशात रस्त्याच्या कडेला पांथस्थांच्या विसाव्यासाठी ‘झयात’ नावाचे मंडप असत. आपल्याकडील धर्मशाळेची किंवा चावडीची आठवण व्हावी असे ते स्थान होते. १८१९ मध्ये जडसन यांनी श्वेडगोन पॅगोडाकडे जाणाऱ्या वाटेवर बांबू व गवताचा असाच एक मंडप उभारला. समोरचा भाग रस्त्याकडे उघडा होता. तेथे ते बसत, येणाऱ्या-जाणाऱ्यास आत बोलावीत व त्याच्याशी संभाषण करीत. त्या वर्षी २७ जून रोजी मौंग नाऊ या मजुराचा बाप्तिस्मा झाला. रंगूनला येऊन तेव्हा जवळजवळ सहा वर्षे लोटली होती.

पुढील वर्षी धर्मस्वातंत्र्याची याचना करण्यास जडसन राजदरबारी गेले, परंतु राजाने ती मान्य केली नाही. निराश होऊन रंगून सोडण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला. तेव्हा नव्या विश्वासणाऱ्यांनीच त्यांना अडविले. आठ-दहा शिष्य होईपर्यंत तरी थांबा, मग आमच्यातील एकाला शिक्षक नेमा आणि हवे तर जा, असे त्यांचे म्हणणे होते. जडसन थांबले. मिशनऱ्याच्या चिकाटीचे श्रेय आपण एकट्या मिशनऱ्याला देतो, पण येथे ज्यांच्या जिवावर संकट येऊ शकत होते त्या दुर्बळ मंडळीनेच आपल्या शिक्षकाला धीर दिला.

१८२४ मध्ये इंग्रज व ब्रह्मदेश यांच्यात युद्ध पेटले आणि जडसन यांना हेर समजून आव्हा येथे बेड्या घालण्यात आल्या. ॲन रोज अन्न पोहोचवीत व अधिकाऱ्यांकडे विनवण्या करीत. या काळातच त्यांची मुलगी मारिया जन्मली. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी एका उशीत शिवून तुरुंगात पोहोचविले. पुढे कैद्यांना अन्यत्र हलविले तेव्हा ती उशी फेकली गेली. मौंग इंग या शिष्याने आठवण म्हणून ती घरी नेली, आणि हस्तलिखित सुरक्षित राहिले.

सुटकेनंतरचा काळ मात्र तुरुंगाहून कठीण ठरला. ऑक्टोबर १८२६ मध्ये जडसन दूर असताना ॲन वारल्या. सहा महिन्यांनी मारियाही गेली. जडसन यांनी विद्यापीठाने दिलेली पदवी टाकून दिली आणि आपली खासगी संपत्ती मिशनला देऊन टाकली. मौलमीनजवळच्या रानात झोपडी बांधून ते एकटेच राहू लागले. जवळ स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठी बसत. देवावर विश्वास आहे पण तो मला सापडत नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी १८२९ मध्ये लिहिले. चरित्रकथनात हा भाग पुष्कळदा गाळला जातो. तो गाळू नये. दीर्घ सेवेत अंतःकरण कोरडे पडण्याचे दिवस येतात, आणि ते आले म्हणजे पाचारणच खोटे होते असा निष्कर्ष काढण्याची घाई आपण करतो. जडसन यांच्या बाबतीत तो अंधार हळूहळू निवळला. सहकारी व ब्रह्मी मंडळी यांनी त्यांना सोडले नाही, आणि भाषांतराचे काम त्यांची वाट पाहत होते. १८३१ च्या पॅगोडा-उत्सवात, केवळ मागणाऱ्यांनाच द्यावयाच्या, अशा सुमारे १० हजार पत्रिका त्यांनी वाटल्या.

३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण बायबलचे ब्रह्मी भाषांतर पूर्ण झाले. त्यावर समाधान न मानता त्यांनी १८४० पर्यंत त्याची पुनर्तपासणी केली. ते भाषांतर आजही ब्रह्मी मंडळ्यांत वाचले जाते. नंतर कोशाचे काम हाती घेतले. ३३ वर्षांनी, १८४५ मध्ये, ते प्रथमच मायदेशी गेले. वाटेत द्वितीय पत्नी सेरा यांचे निधन झाले होते, आणि फुप्फुसाच्या विकाराने त्यांचा आवाज कुजबुजीपुरताच उरला होता. एका सभेत ते केवळ ख्रिस्ताविषयी बोलले. साहसकथा ऐकावयास आलेले श्रोते हिरमुसले. तेव्हा याहून सांगण्याजोगे आपणाजवळ काही नाही, असे त्यांनी म्हटले. १८४६ मध्ये ते परतले. १२ एप्रिल १८५० रोजी बंगालच्या उपसागरात त्यांचा मृत्यू झाला व देह समुद्रार्पण करण्यात आला. कोशाचा अपुरा भाग सहकाऱ्याने पूर्ण केला.

त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेले गॉर्डन हॉल यांना इतकी वर्षे मिळाली नाहीत. २० मार्च १८२६ रोजी नाशिकच्या बाजूच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने ते वारले. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला. एकाला ३७ वर्षे मिळाली, दुसऱ्याला १३. म्हणून वर्षांच्या संख्येवरून निष्ठा मोजता येत नाही. दोघांचाही दिवस मात्र सारखाच होता : लोकांची भाषा शिकणे, लोकांच्या वाटेवर बसणे, देवाचे वचन त्यांच्या शब्दांत आणणे.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील बी पेरणारा मनुष्य रात्री निजतो व दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना रिकामा राहिला म्हणून ज्या बंधूंचे मन खचले असेल, त्यांनी रंगूनची ती सहा वर्षे ध्यानात आणावी. तसेच ज्यांच्याकडे अशा बंधूंची देखरेख आहे, त्यांनी केवळ तो रकाना पाहून त्यांच्या कामाचा निवाडा करू नये. त्यांच्या घरी जावे, त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी आणि त्यांच्या कुटुंबाची विचारपूस करावी.