काटा 120 वर, हाती काय?

शनिवारी सकाळी पुण्याला निघालेल्या गाडीत, कळंबोली मागे पडली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, ‘आता जरा चेप की, अर्ध्या तासाचा फरक पडेल.’

पडत नाही. कळंबोली ते किवळे हा द्रुतगती मार्ग साधारण 94.5 किलोमीटरचा. सगळं अंतर ताशी 100 ने कापलं तर 57 मिनिटं लागतात, 120 ने 47. म्हणजे वेगमर्यादा मोडून, चलानाची तयारी ठेवून हाती लागली दहाएक मिनिटं. तीही रस्ता मोकळा मिळाला तर. शनिवारी तो कुणाला मिळतो?

गोम काट्यात आहे. तो तासाला किती किलोमीटर ते दाखवतो, आपल्याला हवी असतात मिनिटं. तर उलटं मोजू. 10 किलोमीटर जायला ताशी 20 च्या वेगाने 30 मिनिटं लागतात, 40 ने 15, 60 ने 10, 80 ने साडेसात, 100 ने 6 आणि 120 ने 5. काटा दर खेपेला 20 नेच सरकला, पण पहिल्यांदा 15 मिनिटं वाचली आणि शेवटी फक्त एक! स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी 1970 च्या सुमारासच दाखवलं होतं, की हा अंदाज माणसांचा हटकून चुकतो. भरधाव गाडी आणखी पळवली की खूप वेळ वाचेल असं वाटतं, रांगणारी गाडी जराशी हलली त्याचं मोल मात्र कळत नाही.

खरा वेळ खातो तो घाट. दहाएक किलोमीटरच्या चढावर कंटेनर एकमेकांना ओव्हरटेक करत लेन अडवून बसले, 60 च्या जागी 20 ने सरकावं लागलं, की 20 मिनिटं गेली. लोणावळ्याला चालक म्हणतो, ‘टाइम कव्हर करतो.’ पुढे उरलेत 40 किलोमीटर, 100 ने 24 मिनिटांचे. घाटात गेलेली 20 भरून काढायची तर ते 4 मिनिटांत, म्हणजे ताशी 600 च्या वेगाने कापायला हवेत. खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली गेली ती हा घाट टाळायला, आणि तिने अंतरही सुमारे 6 किलोमीटरनं घटतं.

ब्रेकचं गणित तर आणखी कडू. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे 100 वरून 120 वर गेलात की ते 44 टक्क्यांनी लांबतं. दहा मिनिटंच हवी असतील, तर फूड मॉलवरचा दुसरा चहा सोडा.