मनावर-बाघच्या रानातला समुद्र किती खोल होता?

मध्य प्रदेशातल्या धरमपुरीहून खंबातचं आखात अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. पण इथून पश्चिमेला मनावर ओलांडून बाघकडे निघालं, की धार जिल्ह्यातच समुद्राचा तळ पायाखाली येतो. साधारण १० ते ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून नर्मदेच्या खचदरीत समुद्र शिरला होता. त्याने मागे ठेवलेल्या खडकांना ‘बाघ थर’ म्हणतात. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि देवला, चिराखान ही इथली गावं भूविज्ञानाच्या ग्रंथांत कायमची जाऊन बसली.

समुद्र होता हे शंखशिंपले पाहून कुणालाही कळतं. तो किती खोल होता, हे कसं ठरवायचं?

एक गोष्ट चुनखडकच सांगतो. आजच्या महासागरात चार-पाच किलोमीटर खाली गार पाणी, प्रचंड दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे चुन्याची कवचं विरून जातात. वरून मेलेल्या सूक्ष्मजीवांची कवचं सतत पडत असली, तरी तिथल्या तळावर उरतो तो बारीक चिखल. इथे तर चुनखडकाचे थरच्या थर आहेत, म्हणजे तसा अथांग समुद्र हा नव्हता.

पुढचा अंदाज प्राण्यांवरून येतो, पण सगळेच प्राणी सारखे भरवशाचे नाहीत. अमोनाइट हा गुंडाळलेल्या कवचाचा, माखलीच्या नात्यातला जीव. तो मेला की रिकामं कवच तरंगत कुठेही जाऊ शकतं. मुशीचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो सहसा टिकत नाही. दात मात्र ती आयुष्यभर पाडते आणि नवे आणते, म्हणून दातच सापडतात. हे दोघेही पोहणारे, त्यामुळे तळाबद्दल त्यांची साक्ष कच्ची. पक्की साक्ष जागा न सोडणाऱ्यांची. कालवं एकमेकांना चिकटून वाढतात. वाळूत बिळं करणाऱ्या कोळंबीसारख्या जीवांची बिळंही वाहून जात नाहीत.

आता थर खालून वर वाचत जाऊ. सगळ्यात खाली निमाड वालुकाश्म. बाघची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. त्याच्या वरच्या भागात बिळांचे ठसे आणि कालवांच्या शिंपल्यांचा थर आढळतो, म्हणजे किनारा जवळच. त्यावर गाठाळ चुनखडक, त्यात अमोनाइट आणि सी अर्चिन. बारीक चुन्याचा गाळ संथपणे बसायचा तर पाणी शांत लागतं, तेव्हा समुद्र इथे थोडा खोल गेला असावा. त्याच्याही वर पिवळसर-तांबूस चुनखडक. याचा तुकडा भिंगाखाली धरावा: काडीसारखे असंख्य तुकडे दिसतात आणि प्रत्येकावर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांच्या रांगा. ही ब्रायोझोआंची वसाहत. एकेका छिद्रात एक जीव राहायचा आणि पाण्यातले कण गाळून खायचा. त्या काड्या मोडून तिरप्या पट्ट्यांत साचल्या आहेत. म्हणजे लाटा आणि प्रवाह पुन्हा तळापर्यंत पोचू लागले होते. समुद्र आला, जरा खोलावला आणि पुन्हा उथळ झाला. मला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो, कारण तो एका प्राण्यावर नव्हे, थरांच्या क्रमावर उभा आहे.

आज २०० मीटरखाली झाडं-शेवाळांना पुरेसा उजेड मिळत नाही. तिथून पुढे प्राणी बहुतांशी वरून पडणाऱ्या अन्नावर जगतात. बाघचा समुद्र त्या काळोखाचा नव्हता.

पुढे तो हटला. त्या जमिनीवर डायनोसॉरांनी अंडी घातली आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने सगळं झाकलं. मान नदीसारख्या नर्मदेच्या उपनद्यांनी तो बेसाल्ट कापला, तेव्हा हे थर पुन्हा उघडे पडले. मात्र इथे शिंपला दिसला तर उपटून खिशात घालू नये. सुटा शिंपला प्राण्याची जात सांगेल. पाणी किती होतं ते सांगायला तो कुठल्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होता हे लागतं. जागेवरच फोटो काढावा, गावाचं नाव टिपावं आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवावं.