आगगाडीआधी टेबल

छोट्या आगगाडीचे आकर्षण वय पाहत नाही. पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहताना आपल्याही घरी असा मार्ग असावा, ही इच्छा सहज जागी होते. मात्र या छंदाचा आरंभ इंजिनाच्या खरेदीऐवजी कामाच्या टेबलाने व्हावा, हेच श्रेयस्कर.

याचे कारण मापांत दडले आहे. अतिशय लोकप्रिय असलेल्या एचओ मापात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७ व्या हिश्शाची असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाचे प्रतिरूप होय. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. त्याच प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर भरते. साहजिकच, हुबेहूब भारतीय गाडी हवी असणाऱ्या छांदिष्टाला रूळ आणि चाकांची जुळणी पुष्कळदा स्वहस्ते करावी लागते. तेथे एका मिलिमीटरची चूकही डबा रुळावरून उतरवते. डळमळत्या टेबलावर एवढी अचूकता साधणे कठीण.

उभ्याने काम करायचे असल्यास टेबल कोपराच्या किंचित खाली, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर उंच असावे. बसून करायचे असल्यास ७५ सेंटिमीटर पुरतात. साठ सेंटिमीटर रुंदी ठेवली, तर मागच्या भिंतीवरील हत्यारांपर्यंत हात सहज पोहोचतो. पृष्ठभागासाठी १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड उत्तम. त्याच्या थरांतील रेषा एकमेकींना काटकोनात असल्याने दमट हवेतही ते अखंड फळीपेक्षा कमी वाकते. कडांना मात्र रंगाचा हात द्यावा. पायांचा काटकोन गुण्याने तपासावा, तिरप्या पट्ट्यांनी ते जखडावेत आणि पृष्ठभाग पाणसळीने समतल करावा. पुढच्या कडेला सेंटिमीटरभर उंचीची पट्टी ठोकल्यास बारीक स्क्रू व चाके जमिनीवर घरंगळत नाहीत. डाख देण्याची जागा खिडकीजवळ, चिनी मातीच्या फरशीवर असावी. शेवटी, एका बाजूस मीटरभर रूळ कायमचा बसवावा. घडवलेला प्रत्येक डबा प्रथम तेथे धावून पाहावा.

इंजिनाच्या तुलनेत या टेबलाकडे पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. तथापि गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार धावते, तेव्हा त्याचे श्रेय बव्हंशी या अबोल पायाचेच असते.