भूल दिल्यानंतरही शरीर जागेच असते

शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण गाढ झोपलेला दिसतो. त्याला वेदना जाणवत नाही आणि पुढे काही आठवतही नाही. 'भूल' या शब्दामुळे सारे शरीरच सारे विसरते, असा समज होतो. प्रत्यक्षात त्वचेवर छेद पडताच तेथील चेतातंतूंचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात. पियूषिका ग्रंथीच्या आदेशावरून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागतात. अॅड्रेनॅलिनही वाढते.

परिणामी नाडी व रक्तदाब चढतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि स्नायूंतील प्रथिने झिजू लागतात. त्यामुळेच मधुमेह नसलेल्या रुग्णाच्या रक्तातील साखरही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वाढलेली आढळते.

श्वासावाटे दिली जाणारी भूल शुद्ध हरपवते. मात्र नेहमीच्या मात्रेत ती कॉर्टिसॉलची वाढ फारशी रोखत नाही. फेंटॅनिलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके मोठ्या मात्रेत ती आवरतात. ओटीपोटाच्या व पायांच्या शस्त्रक्रियांत पाठीतून दिलेली एपिड्युरल भूल संदेशांची वाटच अडवते.

हा फरक किती मोलाचा आहे, हे नवजात बालकांवरील संशोधनाने दाखवून दिले. अर्भकांना वेदना फारशी कळत नाही आणि तीव्र औषधे त्यांना सोसत नाहीत, या समजुतीने त्यांना पूर्वी अत्यल्प भूल दिली जाई. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे सहकाऱ्यांसह याची तपासणी केली. अपुऱ्या दिवसांच्या या बालकांवर हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणार होती. सर्वांना नायट्रस ऑक्साइड व स्नायू शिथिल करणारे औषध देण्यात आले; म्हणजे वेदना झाली तरी ती हालचालीने व्यक्त होणे शक्य नव्हते. काहींना त्याखेरीज फेंटॅनिल मिळाले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके बरीच अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त आढळली. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अर्भकांना भूल देण्याची पद्धत हळूहळू बदलली.

तथापि, कॉर्टिसॉल पूर्णपणे दाबणेही धोक्याचे ठरते. एटोमिडेट हे भुलीचे औषध अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलची निर्मितीच अडवते. अतिदक्षता विभागात गुंगीसाठी ते सतत दिलेल्या गंभीर जखमी रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे १९८३ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी निदर्शनास आणले. त्यानंतर ही पद्धत सोडून देण्यात आली. भूल सुरू करताना एका मात्रेपुरता त्याचा वापर मात्र आजही होतो.