दोन बादल्या माती

जूनमध्ये पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या जनरेटरमध्ये डिझेल भरताना कॅन कलंडला आणि जास्वंदीचा वाफा डिझेल प्यायला. ती माती मी दोन बादल्यांत भरून गच्चीवर नेली. पहिलीला तळाशी भोकं पाडली, शेणखत मिसळलं आणि दर रविवारी खुरप्याने उकरली. दुसरीत पाणी तुंबू दिलं.

पंधरा दिवसांत पहिलीचा वास उतरला. "गेलं की हो सगळं!" शेजारच्या काकू म्हणाल्या. पण उडाले होते ते हलके घटक. उरलेलं काम मातीतल्या जिवाणूंचं आणि बुरश्यांचं. ते कर्बाच्या लांब साखळीच्या टोकाला प्राणवायू जोडतात. तिचं आधी अल्कोहोल होतं, मग मेदाम्ल. पुढे दोन-दोन कर्ब तोडत जायचं. आपलं शरीर तूप पचवतं तेही असंच. शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

पानातलं सोपं आधी संपतं: सरळ साखळ्या पहिल्या, फांद्या फुटलेल्या नंतर, वलयं असलेले रेणू त्याहून उशिरा. कच्च्या तेलातला डांबरी भाग तर वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. शिवाय तेलात नत्र-स्फुरद जवळजवळ नसतं; नुसत्या भातावर कोण वाढेल? शेणखत म्हणजे वरण.

पुण्याला हा विषय नवा नाही. १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या अदिती पंत पुढे इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी आणि स्मिता झिंजर्डे यांनी मुंबईजवळच्या तेलकट समुद्राच्या पाण्यात सापडलेलं एक यीस्ट अभ्यासलं. बॉम्बे हायच्या कच्च्या तेलातल्या साखळ्या ते फस्त करतं.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या बादलीत खुरपं घातलं. काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास, त्यात डिझेलचा दर्प कायम आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू झिरपतो. त्याच्यावाचून जगणारे जिवाणूही तेल खातात, पण अगदी रेंगाळत. मुठा नदीच्या गाळात उतरलेल्या तेलाचंही हेच होत असणार.

पहिल्या बादलीत मेथी पेरली. छान उगवली. पण भाजी केली नाही. वलयांचे रेणू मातीत उरलेत की नाही, हे नाकाला कळत नाही.