घड्याळ कुठं टांगलंय?

अख्खी माशी जेमतेम तीन मिलिमीटरची. तिच्या पोटात दुसऱ्या माशीचा मेंदू सोडायचा होता.

केळी जास्त पिकली की भोवती घोंगावतात ती ही चिलटं, म्हणजे ड्रॉसोफिला, फळमाशी. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत आल्फ्रेड हँडलर आणि रॉन कोनोप्का यांनी मुद्दाम अशा माश्या निवडल्या, ज्यांना दिवस-रात्रीचं भानच नव्हतं. कायम अंधारात ठेवलं तर त्या केव्हाही फिरायच्या, केव्हाही निजायच्या. त्यांच्या पोटात जो मेंदू जाणार होता, तो ज्यांचा दिवस 19 तासांतच संपतो अशा माश्यांचा होता.

असल्या विचित्र माश्या कोनोप्कानंच आधी शोधून काढल्या होत्या. सिमूर बेंझर यांच्या हाताखाली तो विद्यार्थी होता, तेव्हाची गोष्ट. फळमाशी कोषातून बाहेर येते ती बहुधा पहाटे, हवेत ओल असताना. ‘ड्रॉसोफिला’ या शब्दाचा अर्थच मुळी दवाची आवड असणारी. कोनोप्कानं जनुकं बिघडवणारं रसायन चारून माश्यांचे वंश वाढवले आणि अवेळी जन्मणाऱ्या माश्या हेरत बसला. तीन वंश हाती लागले. एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, तिसऱ्याला ताळतंत्रच नाही. नवल म्हणजे तिन्ही बिघाड गुणसूत्रावर एकाच जागी निघाले. 1971 मध्ये त्यानं आणि बेंझर यांनी हे जाहीर केलं. त्या जनुकाचं नाव पडलं ‘पिरियड’.

घड्याळ आहे, हे पटलं. पण ते शरीरात टांगलंय कुठं? पोटातल्या मेंदूचा खटाटोप त्यासाठीच.

1979 मध्ये निकाल छापून आला. बहुतेक माश्या पूर्वीसारख्याच बेताल राहिल्या. पण मोजक्या काही माश्यांच्या येरझारांना ठेका सापडला, आणि तो त्यांचा स्वतःचा नव्हता. तो होता परक्या मेंदूचा, आखूड दिवसाचा. पोटातल्या त्या मेंदूला कोणी मज्जातंतू जोडून दिले नव्हते. म्हणजे घड्याळ मेंदूत आहे, आणि ते अंगातल्या द्रवात काहीतरी पाझरून निरोप धाडतं.

आता मेंदूतल्या नेमक्या पेशी हव्या होत्या. 1984 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी, तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांनी ‘पिरियड’ जनुक वेगळं केलं. त्यापासून बनणारं प्रथिन शोधू गेलं तर ते डोळ्यांत, आतड्यात, मेंदूच्या कोपऱ्याकोपऱ्यांत! चोर शोधायला निघावं आणि गावातल्या प्रत्येक घरात चोरीचा माल सापडावा, तशी गत झाली.

वाट दाखवली ती खेकड्यानं. खेकड्यांच्या अंगातला रंग पसरवणारं एक संप्रेरक असतं. त्याला ओळखणारी प्रतिपिंडं जर्मनीत शार्लोटे हेलफ्रिश-फोर्स्टर यांनी माशीच्या मेंदूवर वापरून पाहिली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मूठभर चेतापेशी उजळून निघाल्या. 1995 मध्ये त्यांनी दाखवलं की याच पेशींमध्ये ‘पिरियड’चं प्रथिनही आहे. खेकड्याच्या संप्रेरकाशी मिळत्याजुळत्या, माशीतल्या त्या निरोप्या रेणूचं नाव पीडीएफ. आपल्या संगणकातल्या पीडीएफशी त्याचं नातं नाही. मेंदूच्या प्रत्येक बाजूला तो बनवणाऱ्या पेशी अवघ्या आठ!

1999 मध्ये सेंट लुईसचे पॉल टॅगर्ट आणि ब्रँडाइसची मंडळी यांनी या पेशी मारून पाहिल्या. पेशीला मरणाचा हुकूम देणारं जनुक फक्त तिथंच चालू केलं. कायम अंधारात बहुतेक माश्यांचा ताल काही दिवसांत विस्कटला. खटला निकाली निघाल्यासारखा वाटला. पण एक साक्ष जुळेना. दिवा रोज ठरल्या वेळी लावला-मालवला, तर या माश्यांची संध्याकाळची लगबग शाबूत राहत होती. घड्याळ मेलं, तर ही सांज कोण राखत होतं?

जुना एक तर्क होता. 1976 मध्येच कॉलिन पिटेंड्रिघ आणि सेर्ज डान यांनी उंदीरवर्गी प्राण्यांच्या हालचालींवरून सुचवलं होतं की घड्याळ एक नसावं, दोन असावीत. एक पहाटेचं, एक सांजेचं. पण त्या दोन घड्याळांच्या पेशी कोणी दाखवल्या नव्हत्या.

2004 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन प्रयोगशाळांनी त्या दाखवल्या. रॉसबॅश यांच्या चमूनं पेशी मारल्या. पीडीएफवाल्या मेल्या तर पहाटेची जाग गेली, त्यांच्या शेजारच्या काही पेशी मेल्या तर सांजेची लगबग गेली. फ्रान्समध्ये फ्रांस्वा रुये यांच्या चमूनं उलट वाट धरली. ‘पिरियड’ नसलेल्या माश्यांत त्यांनी ते जनुक मोजक्या पेशींपुरतं परत दिलं. पीडीएफवाल्यांना दिलं तर फक्त पहाट परतली. शेजारच्यांनाही दिलं, तर सांजही आली. एकानं मोडून पाहिलं, दुसऱ्यानं जोडून, आणि उत्तर तेच आलं.

2017 चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं, घड्याळाची जनुकं कशी चालतात ते उलगडल्याबद्दल. ज्यानं पहिला धागा ओढला तो कोनोप्का दोनच वर्षांपूर्वी वारला होता.

प्रयोगशाळेत आजही बोटापेक्षा बारीक काचनळीत एकेक माशी ठेवतात. ती मध्यावरची न दिसणारी किरणरेघ ओलांडते, की नोंद होते. पहाटेच्या पेशी गमावलेली माशी दिवा लागेपर्यंत गप्प बसून असते आणि उजेड पडला की दचकून उठते. संध्याकाळी मात्र तीच माशी दिवा मालवायच्या कितीतरी आधी येरझारा सुरू करते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिच्या डोक्यातलं सांजेचं घड्याळ अजून चालू असतं.